हंसाच्या पंखाखालचा जागर

पाऊस उघडला, भाद्रपद सरून अश्विन लागला, रात्री ओसरीवर बसावंसं वाटण्याइतकी हवा कोरडी झाली, की डोक्यावर तीन ठळक तारे दिसतात. एक अभिजित, एक श्रवण आणि तिसरा हंसाच्या शेपटीतला देनेब. त्या शेपटीपासून नजर आकाशगंगेच्या पट्ट्यावरून नैर्ऋत्येकडे सरकवत नेली, की लांब मान पुढं काढून, दोन्ही पंख पसरून चाललेला आख्खा हंस दिसतो, आणि एकदा दिसला की जन्मभर सुटत नाही. या हंसाची मान आणि एक पंख यांच्या मधल्या बेचक्यात एक तारा आहे. तुम्हाला तो दिसणार नाही, मलाही कधी दिसलेला नाही, आणि घरच्या साध्या दुर्बिणीला तर तो एरवी दादच देत नाही. यादीत त्याचं नाव व्ही ४०४ सिग्नी. नाव रुक्ष आहे खरं, पण गडी असा आहे की वीस-वीस, तीस-तीस वर्षं गाढ झोपतो, मग एके दिवशी खडबडून जागा होतो, पंधरा दिवस सगळं आकाश डोक्यावर घेतो, आणि कूस बदलून परत झोपी जातो. त्याचीच गोष्ट सांगायची आहे. सुरुवात मात्र चंद्रापासून करावी लागेल, कारण हा सगळा खटाटोप चंद्र बघायला निघालेल्या माणसांनी सुरू केला.

पाय मोडला की दवाखान्यात ज्या किरणांनी हाडाचा फोटो काढतात, ते क्ष-किरण. तेच किरण आकाशातूनही येत असतात, पण आपल्यापर्यंत पोचत नाहीत, कारण हवा त्यांना वरच्या वर गिळून टाकते. ते एका परीनं बरंच आहे, नाहीतर शेतात काम करणाऱ्या माणसाचे हाल झाले असते. पण त्यामुळं झालं असं, की माणूस हजारो वर्षं आभाळाकडे बघत आला, तारे मोजत आला, नक्षत्रांवरून पेरणीचे आडाखे बांधत आला, आणि तरी आकाशाचं एक अंग त्याला कधी दिसलंच नाही. ते बघायचं तर हवेच्या वर जायला हवं.

१९६२ च्या जून महिन्यात अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, व्हाइट सँड्स नावाच्या जागी, रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एरोबी जातीचा एक अग्निबाण उडवला. मध्यरात्रीला मिनिटभर कमी असताना तो सुटला. मनात एवढंच होतं की सूर्याचे क्ष-किरण चंद्राच्या मातीवर आपटून तिथून थोडेफार परत येत असतील, ते मोजावेत आणि चंद्राची माती कशाची आहे ते ओळखावं. अग्निबाण सव्वादोनशे किलोमीटर वर गेला आणि उपकरणांना हवेच्या वर जेमतेम सहा मिनिटं मिळाली. तेवढ्यात अग्निबाण स्वतःभोवती फिरत होता आणि त्याच्या पोटातली उपकरणं गोल आकाश न्याहाळत होती. कागदावर आकडे उतरले तेव्हा उंचवटा होता खरा, पण चंद्राच्या जागी नव्हता. तो होता वृश्चिकाच्या बाजूला, आणि इतका ठळक की आपल्या हातून काही चुकलं तर नाही ना, हे ती माणसं कितीतरी दिवस तपासत बसली. काहीच चुकलं नव्हतं. आपल्या सूर्यमालेबाहेरून येणारे क्ष-किरण माणसानं पहिल्यांदा मोजले ते असे, चंद्र शोधता शोधता. त्या स्रोताला वृश्चिकातला पहिला म्हणून स्कॉर्पियस एक्स-१ असं नाव पडलं, आणि या कामाबद्दल जियाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं, म्हणजे चाळीस वर्षांनी. आणि ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप केला, त्या चंद्राचं क्ष-किरणांतलं चित्रही पुढं मिळालं बरं का. १९९० साली रोसॅट नावाच्या उपग्रहानं ते टिपलं. त्यात चंद्राची उजेडातली बाजू छान चमकताना दिसते.

आता, वृश्चिकात तिथं होतं तरी काय? १९६६ मध्ये त्या जागी एक निळसर, साधा, कुणी फारसं लक्ष दिलं नसतं असा तारा सापडला. पुढच्याच वर्षी रशियातल्या श्क्लोव्हस्कींनी अंदाज बांधला, की हा एकटा तारा नसून जोडी आहे. जोडीतला एक जिता तारा, आणि दुसरा मेलेल्या ताऱ्याचा घट्ट दाबलेला गोळा, ज्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात. वीसेक किलोमीटरचा व्यास, आणि त्यात सूर्याहून जास्त माल कोंबलेला. जित्या ताऱ्याच्या अंगावरचा वायू हा गोळा ओढून घेतो, तो वायू पडताना इतका तापतो की साध्या उजेडाऐवजी क्ष-किरण फेकायला लागतो. हा अंदाज पुढं खरा ठरला. अशा जोड्यांना आता क्ष-किरण जोडतारे म्हणतात.

पडण्यात एवढी ऊर्जा कुठून येते, असं कुणीही विचारील, आणि विचारावंच. सूर्य तळपतो तो हायड्रोजनचा हेलियम करून, आणि त्या उद्योगात मालाच्या शेकडा एक हिस्साही ऊर्जेत बदलत नाही. पण तोच माल कृष्णविवराकडे, म्हणजे ज्याच्या ओढीतून उजेडही सुटत नाही अशा गोळ्याकडे, घिरट्या घालत पडला, तर शेकडा दहाच्या आसपास ऊर्जा बाहेर पडू शकते. अख्ख्या विश्वाला उजेड देणाऱ्या अणूंच्या भट्टीहूनही नुसतं पडणं भारी भरतं, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी रात्रभर तिच्याशीच बोलत होतो.

आपल्याकडची माणसंही या कामात फार उशिरा उतरली नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी १९६८ साली हैदराबादहून मोठाले प्लॅस्टिकचे फुगे सोडून त्याच वृश्चिकातल्या स्रोताचे क्ष-किरण मोजले. त्यातले जे जोरकस किरण असतात ते तीस-चाळीस किलोमीटर उंचीपर्यंत खाली उतरतात, आणि तिथवर फुगा जातो. हैदराबादचे हे फुगे अजूनही उडतात, आणि काम झालं की उपकरणांची पेटी छत्री उघडून खाली येते, ती कुठं तेलंगणात, कुठं कर्नाटकाच्या नाहीतर आपल्या महाराष्ट्राच्या शिवारात. म्हणून आधी गावोगाव कळवलेलं असतं, की आभाळातून असं काही उतरलं तर उघडू नका, हात लावू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. तुरीच्या रानात सकाळी निंदायला गेलेल्या बाईसमोर पांढरी छत्री लावून एक पेटी उभी असावी, आणि तिच्या पोटात कुठल्या तरी मेलेल्या ताऱ्याची मोजणी असावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९७० च्या डिसेंबरात केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तराफ्यावरून उहुरू नावाचा उपग्रह सुटला आणि सहा मिनिटांच्या उड्या संपल्या. आता महिनोन् महिने बघत बसता येऊ लागलं. उहुरूच्या शेवटच्या यादीत ३३९ स्रोत भरले. त्यातले काही दर पावणेपाच सेकंदांनी, काही दर सव्वा सेकंदानं लुकलुकत होते, काही ठरावीक काळानं जोडीदाराच्या आड जाऊन ग्रहणात सापडत होते. पण याद्या करणाऱ्या माणसाचा एक समज असतो, की आज इथं आहे ते उद्याही इथंच असणार. त्या समजाला आधीच तडा गेलेला होता. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातून सोडलेल्या अग्निबाणांनी नरतुरंगात एक झगझगीत स्रोत पाहिला होता, आणि काही महिन्यांत तो तिथं नव्हताच.

मग आला १९७५ चा ऑगस्ट. ३ तारखेला इंग्लंडच्या एरियल-५ उपग्रहाला शृंगाश्व नक्षत्रात एक नवा क्ष-किरण स्रोत दिसला. दिवसागणिक तो वाढत गेला, वाढत गेला, आणि शेवटी वृश्चिकातल्या त्या पहिल्या राजालाही मागं टाकून सूर्याबाहेरच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी क्ष-किरण स्रोत होऊन बसला. मग उतरणीला लागला. साध्या उजेडातही तिथं एक नवा तारा उगवल्यासारखा दिसला होता. हार्वर्डच्या वेधशाळेत जुन्या काळी आकाशाचे फोटो काचेच्या तावदानांवर काढून कपाटात रचून ठेवलेले होते, त्या काचा काढून बघितल्या, तर १९१७ सालच्या काचांवर त्याच जागी तोच तारा भडकलेला होता. १९१७ ला ज्यानं काच धुवून वाळवून कपाटात ठेवली, त्याला क्ष-किरण जोडतारे म्हणजे काय याची कल्पना असण्याचं कारणच नव्हतं. त्यानं आपलं काम केलं, तारीख घातली, काच ठेवली. मला या सगळ्या शास्त्रात त्या काचेएवढं दुसरं काही आवडत नाही. अठ्ठावन्न वर्षं तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा तिनं बरोबर उत्तर दिलं.

आपल्या हंसातल्या गड्याचंही असंच झालं. १९८९ च्या मे महिन्यात जपानच्या गिंगा उपग्रहाला हंसात एक नवा क्ष-किरण स्रोत दिसला. जागा ताडून पाहिली, तर तिथं जुन्या नवताऱ्यांच्या यादीतला एक तारा निघाला. १९३८ साली जर्मनीत हॅम्बर्गजवळच्या वेधशाळेत आर्नो वाखमान यांनी तो भडकलेला पाहिला होता आणि नेहमीचा नवतारा म्हणून त्याची नोंद झाली होती. मग परत काचांची कपाटं उघडली गेली, आणि १९५६ मध्येही तो एकदा जागा झाला होता असं कळलं. तेव्हा कुणाला पत्ताही नव्हता.

गिंगाच्या वेळचा जागर ओसरल्यावर खरं काम सुरू झालं, कारण क्ष-किरणांचा झगमगाट असतो तोवर जोडीतला साधा तारा त्यात हरवलेला असतो, झोपेच्या दिवसांतच तो नीट दिसतो. कॅनरी बेटांपैकी ला पाल्मा नावाच्या बेटावर डोंगरमाथ्यावर मोठ्या दुर्बिणी आहेत. तिथून होर्हे कासारेस आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या फिकट ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून रोज रात्री तपासला. तारा आपल्याकडे येत असला की उजेडातल्या काळ्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जात असला की तांबड्याकडे. त्या रेषा साडेसहा दिवसांच्या फेऱ्यानं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झुलत होत्या, आणि तारा सेकंदाला दोनशे किलोमीटरच्या वेगानं कशाभोवती तरी गरगरत होता. ज्याच्याभोवती गरगरत होता तिथं काहीच दिसत नव्हतं. हिशेब मांडला तर त्या न दिसणाऱ्याचं वजन कमीत कमी सहा सूर्यांएवढं निघालं. न्यूट्रॉन ताऱ्याला तीन सूर्यांपलीकडचं ओझं पेलत नाही, तो आत कोसळतो. म्हणजे तिथं कृष्णविवरच असणार, दुसरं काही बसतच नाही. १९९२ मध्ये हे छापून आलं. आता त्याचं वजन नऊ सूर्यांच्या आसपास धरतात. एवढं वजन, पण विवराचा व्यास पन्नास-पंचावन्न किलोमीटरच. आपल्यापासून अंतर सात हजार आठशे प्रकाशवर्षं. १९८९ ला जे किरण गिंगानं टिपले ते तिथून निघाले तेव्हा हडप्पा आणि मोहेंजोदडोची शहरं उभी राहायला अजून तीनेक हजार वर्षं होती.

आता मुख्य कोडं. विवर तर कायमच तिथं आहे, ताराही कायम तिथं आहे, वायूही सारखा ओढला जातोय. मग हा झोपतो कसा आणि उठतो कसा?

वायू थेट विवरात पडत नाही. तो फिरत्या ताऱ्यावरून आलेला, त्याच्या अंगात फिरण्याचा जोर असतो, म्हणून तो विवराभोवती चकतीसारखा पसरून फिरत राहतो. आत सरकायचं तर फिरण्याचा जोर कमी व्हायला हवा, आणि तो कमी होतो थरांच्या आपसातल्या घासण्यानं. चकती थंड असते तोवर हायड्रोजनचे अणू आपले इलेक्ट्रॉन धरून असतात, घासणं फार थोडं होतं, आणि ताऱ्याकडून येणारा माल विवराकडे जाण्याऐवजी चकतीतच साठत जातो. ओढ्याला आडवा घातलेला मातीचा बांध बघा, वरून पाणी येत राहतं, खालून थोडंसं झिरपतं, वर्षं जातात, कुणाला काही वाटत नाही. पण साठलेला वायू हळूहळू तापत असतो. काही हजार अंशांची एक पायरी ओलांडली की हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, घासणं एकदम वाढतं, घासण्यानं आणखी ताप, तापानं आणखी घासणं, आणि एका जागी सुरू झालेलं हे लोण सगळ्या चकतीत पसरतं. बांध फुटतो. वीस-तीस वर्षांचा साठा दिवसांच्या हिशेबात आत लोटतो, विवराच्या काठाशी कोटभर अंशांनी तापतो, आणि त्या तापलेल्या वायूतून क्ष-किरणांचा लोंढा सुटतो.

तर असा बांध फुटला १५ जून २०१५ ला. आपल्याकडे तोवर १६ तारीख लागून मध्यरात्र नुकती उलटली होती, आणि जूनचा मध्य, म्हणजे महाराष्ट्रावर ढगांचं छत. पण स्विफ्ट नावाचा उपग्रह ढगांच्या कितीतरी वर. त्याच्यावरचं एक यंत्र मला फार लोभस वाटतं, ते सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. जोरदार क्ष-किरण काचेच्या भिंगानं गोळा होत नाहीत, ते आरपार निघून जातात, मग ते कुठल्या दिशेनं आले हे कळावं कसं? स्विफ्टवर एका मोठ्या पत्र्यावर शिशाचे पन्नास हजारांवर बारके चौकोनी तुकडे मुद्दाम विस्कळीत लावलेले आहेत, आणि त्याखाली मीटरभर अंतरावर बत्तीस हजार सातशे अडुसष्ट बारीक स्फटिकांची फरशी आहे. किरण आले की शिशाच्या तुकड्यांची सावली फरशीवर पडते. दिशा बदलली की सावली सरकते, आणि तुकडे विस्कळीत असल्यानं कुठल्याही दोन दिशांची सावली सारखी नसते. सावली वाचायची आणि दिशा सांगायची, एवढंच. असा तो एका वेळी आकाशाचा सहावा-आठवा हिस्सा नजरेखाली ठेवून राखण करत असतो. त्या रात्री सावली पडली आणि यंत्रानं आपण होऊन जमिनीवर वर्दी धाडली, की हंसात काहीतरी उठलंय.

वर्दी मिळताच जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. तेव्हा लक्षात आलं, की चाहूल आधीच लागलेली होती. हवाई बेटांवर फॉक्स नावाची दोन मीटरची दुर्बीण आहे, शाळकरी पोरांनाही ती दुरून चालवायला देतात. तिनं हा तारा दहा वर्षं नियमानं टिपून ठेवला होता, आणि तिच्या नोंदींत तो आठवडाभर आधीच नेहमीपेक्षा किंचित उजळलेला होता. म्हणजे बाहेरच्या अंगाला वायू तापू लागला होता, त्याचं आतलं तोंड उघडायला आठवडा लागला. कुणी दहा वर्षं झोपलेल्याकडे बघत बसलं होतं, म्हणून हे कळलं.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे नुसता जागर. क्ष-किरणवाले तेज मोजतात ते खेकडा तेजोमेघाच्या हिशेबात. हा तेजोमेघ म्हणजे १०५४ साली फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, आणि तो बराच स्थिर असल्यानं त्याच्या तेजाला एक क्रॅब म्हणतात. आपला गडी पन्नास क्रॅबच्या आसपास चढला. तोही सरळ चढला नाही. मिनिटांत शंभरपट वर, मिनिटांत खाली, मध्येच शांत, परत उसळी. एरवी मोठ्या दुर्बिणीलाही फिकट दिसणारा तारा साध्या उजेडातही इतका उजळला, की वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून त्याची चमक चढताना-उतरताना दिसत होती. जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या मारिको किमुरा यांनी जगभरच्या वेधशाळांच्या आणि हौशी निरीक्षकांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं, की ही चढउतार ठरावीक नमुन्यांनी, काही मिनिटांपासून दोन-अडीच तासांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा होत होती. कृष्णविवराच्या काठावर चाललेल्या घडामोडींचा ठोका घराच्या गच्चीतून मोजता येतो, हे तोवर कुणी मानलं नसतं.

मग तो इतक्या लवकर झोपला का? चकतीत माल तर भरपूर होता. ला पाल्मावरच्या १०.४ मीटरच्या महादुर्बिणीनं त्याचं उत्तर दिलं. चकतीच्या बाहेरच्या भागातून सेकंदाला तीन हजार किलोमीटर वेगानं वारा सुटला होता, आणि त्या वाऱ्यानं आत जाणारा माल बाहेरच्या बाहेर उधळून लावला. विवराजवळच्या तेजानंच वाऱ्याला जोर दिला आणि वाऱ्यानं तेजाचाच घास काढून घेतला. शिवाय विवराच्या दोन्ही अंगांनी प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगानं पदार्थाचे झोत निघत होते, आणि रेडिओ दुर्बिणींना दिसलं की त्यांची दिशा काही मिनिटांत, तासांत बदलते आहे. अख्खी आतली चकतीच झुलत होती.

जूनअखेर तेज उतरलं, आणि मग स्विफ्टच्या क्ष-किरण कॅमेऱ्यात त्या जागेभोवती कडी दिसू लागली. एकात एक अशी गोल कडी, आणि दिवसागणिक मोठी होत जाणारी, पूर्ण चंद्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तारा शांत झाला होता, पण मधल्या वाटेवर धुळीचे ढग आहेत, त्यांच्यावर आपटून थोडे किरण वळसा घालून आले. वळसा म्हणजे लांबची वाट, लांबची वाट म्हणजे उशीर. जेवढा मोठा वळसा, तेवढं मोठं कडं आणि तेवढा जास्त उशीर. त्या कड्यांवरून धुळीचा कुठला ढग किती अंतरावर आहे हे मोजता आलं.

आपला अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह या जागरानंतर तीन महिन्यांनी, २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, आणि ही चुकामूक मला अजून लागते. पण राखण करायला तो बसला तो बसलाच. त्याच्यावर मुंबईच्या टाटा संस्थेनं बनवलेले झेनॉन वायूचे मोठे मोजक आहेत, सेकंदाच्या लाखाव्या हिश्शापर्यंत काळ मोजणारे, आणि नव्यानं उठणारे स्रोत हेरण्यासाठी आकाश चाळत फिरणारं इस्रोचं एक खास यंत्रही आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून कॉलेजातली पोरंपोरी त्याच्या नोंदी उलगडायला शिकतात. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, शेतीपाण्याची पाहणी करणाऱ्या आयआरएस-पी३ उपग्रहावर टाटा संस्थेचे लहान मोजक बसवून पाठवले होते. त्यांनी गरुडातल्या जीआरएस १९१५+१०५ नावाच्या जोडीत ठेक्यानं येणारे झटके टिपले. ही जोडी हंसातल्या गड्याच्या नेमकी उलट स्वभावाची. ती १९९२ मध्ये उठली ती पंचवीस वर्षांहून जास्त जागीच राहिली, २०१८ मध्ये कुठं मंदावली.

हंसातल्या ताऱ्याची शेवटची बातमी आली २०२४ मध्ये, आणि ती क्ष-किरणांची नव्हेच. त्याच्या अगदी शेजारी, कोनाच्या हिशेबात दीडेक सेकंदावर, एक फिकट तारा आहे. तीसेक वर्षं तो सगळ्यांना ठाऊक होता, आणि सगळे त्याला अडचण समजत होते, कारण त्याचा उजेड मोजणीत मिसळायचा आणि वजा करावा लागायचा. लांबचा कुणीतरी योगायोगानं रांगेत आलाय, असं धरून चाललं होतं. केव्हिन बर्ज आणि त्यांच्या सोबत्यांनी गाया उपग्रहाच्या नोंदी बघितल्या तर आकाशातली दोघांची सरक एकाच दिशेनं, एकाच वेगानं. म्हणजे हा परका नव्हता, घरचाच होता. पृथ्वी-सूर्य अंतराच्या निदान साडेतीन हजार पटींवरून तो त्या जोडीभोवती फिरतो, एका फेरीला सत्तरेक हजार वर्षं घेतो.

एवढ्या लांबून फिरणाऱ्यावर जोडीची पकड अगदी सैल असते, सेकंदाला चार-पाच किलोमीटरचा धक्का बसला तरी तो कायमचा सुटून जाईल. आणि तारा फुटून विवर होतं तेव्हा एरवी याहून कितीतरी मोठा धक्का बसतो असं धरतात. हा बाहेरचा तारा अजून जागेवर आहे, त्याअर्थी आतला मोठा तारा मरताना फुटलाच नसावा, आपल्याच वजनानं जसाच्या तसा आत कोसळला असावा. आता तो बाहेरचा ताराही वयोमानानं फुगायला लागलाय, आणि त्याच्या फुगण्यावरून तिघांचं वय चारेक अब्ज वर्षं निघालं.